शामकला संध्याकाळी कुठे जाते

नागपूर, ६ जानेवारी १९५८

सौ. सुलोचना हिस शामकलाचा सप्रेम नमस्कार.

तुझं लग्न झाल्यापासून मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे तू कबूल करशील. आज मागते आहे. फेब्रुवारीच्या आठ तारखेला, शनिवारी, तू नागपूरला ये. एकटी नको, धुरपतालाही घेऊन ये. कामठ्याच्या एकाच गल्लीत वाढलेल्या आपण तिघी. पण तू लग्न होऊन गोंदियाला गेलीस, मी नर्स व्हायला इथे आले, आणि धुरपता तिथल्या तिथेच शालीकरामच्या घरी गेली. त्यानंतर तिघी एका ठिकाणी बसून पोटभर हसलेलो मला आठवत नाही.

कारण सांगते. इथे एक परेरा मास्तर आहेत, मूळचे गोव्याचे. एका शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवतात. त्यांनी रेल्वेतले बाबू, पोलिस बँडातून निवृत्त झालेले काही जण, शाळामास्तर, मिशनच्या बाया असे चाळीस-पन्नास लोक गोळा करून सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आहे. ते काय असतं ते पत्रात सांगता येत नाही. आपल्याकडे एकजण गातो आणि बाकीचे साथ करतात. इथे कोणीच गात नाही. सगळे मिळून एक भली मोठी गोष्ट सांगतात, आणि ती कशाची हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

सासूबाईंना सांग की भजनासारखंच आहे, फक्त टाळ जरा मोठे आहेत. हे अगदीच खोटं नाही.

ओळीनं चार खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. तुम्ही दोघी, खेमराज भाऊजी आणि मी. भाऊजींशिवाय तुम्हाला कोणी आगगाडीत बसू देणार नाही, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी
शामकला

*

कामठा, १२ जानेवारी १९५८

सुलोचनाबाईस श्यामलालचा रामराम.

इकडे सर्व खुशाल. खळ्यावर धानाचे चुरणे चालू आहे. त्यामुळे गोंदियाला याले फुरसत नाही, म्हणून पत्र लिहितो.

धुरपता सांगून राहिली की तुम्ही दोघी शामकलेकडे नागपूरले जाऊन राहिल्या. जा. पण माझे एक काम करा. आपला बकाराम दिवाळीनंतर आंड उतरला म्हणून नागपूरच्या दवाखान्यात भरती होता. तो आल्यापासून गावात सांगून राहिला की शामकला हप्त्यातून दोन-तीन दिवस संध्याकाळी टांग्यात बसून कुठं तरी जाते. टांग्यात एक ख्रिस्ती साहेब राहतो. अन् त्याच्याजवळ मुर्दा ठेवतात तशी लंबी काळी पेटी राहते. बकाराम खोटं बोलते हे साऱ्या गावाले मालूम आहे. पण पेटी तो मनानं कशी काढन?

शामकला माझी बहीण, तुम्हीही बहिणीसारख्या म्हणून लिहितो. बाबा गेल्यावर तिले शिकाले मीच पाठवलं. लोक तेव्हाही बोलले. दवनीवाड्याचे केवळरामजी आपल्या पोरासाठी तिले मागून राहिले. घर चांगलं आहे, जमीन पाण्याखालची आहे. वैशाखात करून टाकावं असं मायच्या मनात आहे. त्याच्या पहिले मले खरं काय ते समजलं पाहिजे. तुम्ही डोळ्यानं पाहा आणि जे आहे ते लिहा. मले बरं वाटावं म्हणून लिहू नका.

आणि मी सांगतलं हे तिले सांगू नका.

आपला
श्यामलाल

*

गोंदिया, १६ जानेवारी १९५८

प्रिय शामकला,

तिळगूळ पुडीत बांधून पाठवते आहे. पोस्टात चुरा झाला तर चुरा खा.

आम्ही येतो. सासूबाईंनी भजन म्हटल्यावर एका शब्दानं अडवलं नाही, उलट देवापुढे ठेवायला नारळ द्यायला निघाल्या. तिथे देव नसतो असं सांगायचा धीर मला झाला नाही, तेव्हा एक नारळ येतो आहे. आमच्या ह्यांना इतवारीत तेंदूपत्त्याच्या आडत्याकडे काम निघालंच होतं. म्हणाले, "चलो भई, बाजा भी सुन लेंगे." मुक्काम त्याच आडत्याच्या घरी.

धुरपताला मी निरोप पाठवला, तर ती दुसऱ्या दिवशी बंडीत बसून माझ्या दारात हजर. म्हणे, "मी तं येऊन राहिली. गाडी कवा सुटते?" तिला फेब्रुवारी म्हणजे काय ते समजावून परत पाठवली.

बरं, तू कशी आहेस? दवाखान्याचं काम संपल्यावर काय करतेस? संध्याकाळी मन रमतं का? कोणाची सोबत असते? आणि तुमच्या त्या ऑर्केस्ट्रात काळ्या पेट्या असतात का? सहज विचारलं.

तुझी
सुलोचना

*

नागपूर, २२ जानेवारी १९५८

प्रिय सुलोचना,

तिळगूळ मिळाला. चुराच होता. मी आणि खोलीतल्या दोघींनी चमच्यानं खाल्ला.

तुझं पत्र वाचून मला आपल्या शाळेतल्या मोठ्या बाई आठवल्या. संध्याकाळी काय करतेस, कोणाची सोबत असते? सुलोचने, तू व्यापाऱ्याच्या घरी जाऊन फारच सासू झालीस. संध्याकाळी मी पाय गरम पाण्यात घालून बसते. वॉर्डात दिवसभर उभं राहून दुसरं काही सुचत नाही. येत्या जुलैत सुईणीचा अभ्यासक्रम पुरा होईल, त्याची पुस्तकं वाचते. झालं समाधान?

काळ्या पेट्या असतात. वाद्यं काय फडक्यात बांधून आणतील?

आता काम सांगते. कार्यक्रम सहाला सुरू होतो, त्याच्या आधी बसा. एक तुकडा थांबला की लगेच टाळ्या वाजवू नका, बाकीचे वाजवतील तेव्हा वाजवा. धुरपताला तोडे काढून ठेवायला सांग, नाहीतर तिचाच आवाज सगळ्यांत जास्त होईल. मी वॉर्डातून थेट येईन. मला उशीर झाला तर घाबरू नका आणि माझी खुर्ची कोणाला देऊ नका.

तुझी
शामकला

*

गोंदिया, ११ फेब्रुवारी १९५८

श्यामलालभाऊंस सुलोचनाचा नमस्कार.

तुम्ही म्हणालात, जे आहे ते लिहा. लिहिते. आधीच सांगते की शामकलानं मला ह्यातलं काहीही भाऊला कळवू नको म्हणून हात धरून सांगितलं आहे. तुम्ही खरं मागितलं, तिनं गप्प राहायला सांगितलं. मी दोन रात्री विचार केला. मी गप्प राहिले तर कामठ्यात बकारामचंच खरं होऊन बसेल. म्हणून लिहिते. तिचा राग मी सोसेन.

सभागृह सीताबर्डीजवळ आहे. आम्ही वेळेवर जाऊन बसलो. धुरपता माझ्या डाव्या हाताला, हे उजव्या हाताला, आणि धुरपताच्या पलीकडे शामकलेची खुर्ची रिकामी. आजूबाजूला कोट-टायवाले, पारशी बाया, गोरे पाद्री. धुरपतानं तोडे काढले नव्हतेच. सहा वाजले तरी शामकलेचा पत्ता नाही. धुरपता म्हणाली, "बलावलं आपल्याले अन् खुदच गायब! हे कोनती रीत?" मी म्हटलं, येईल. पण तुमचं पत्र माझ्या डोक्यात होतं, आणि भाऊ, खरं सांगते, मी सारखी त्या रिकाम्या खुर्चीवरून दाराकडे पाहत होते.

मग पडदा सरला. पन्नासेक माणसं अर्ध्या गोलात बसलेली. प्रत्येकजण आपापलं वाद्य वेगवेगळं वाजवत होता. धुरपतानं माझा दंड धरला. "कायले भांडून राहिले हे?" तेवढ्यात परेरा मास्तर आले, डोक्यावर मोजके पांढरे केस, हातात बारीक काडी. लोकांना नमस्कार केला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. हे म्हणाले, "अजीब आदमी है, मेहमानों को पीठ दिखाता है." काडी उचलली आणि सगळे एकदम गप्प झाले.

ते संगीत कसं होतं हे मला सांगता येणार नाही. आधी कुठूनतरी लांबून कोणी बोलतंय असं वाटलं, आणि मग सगळी बोलायला लागली. मला काही कळलं असं नाही, पण मन लागून गेलं. बकारामनं पाहिलेली पेटीही मी तिथे पाहिली. उघडी, भिंतीला टेकून ठेवलेली. तिच्यात माणसाएवढी सारंगी असते. ती गुडघ्यांत धरून बसून वाजवायची. वाजवणारे रेल्वेचे बाबू आहेत, पोटसुटे, बायको-मुलं समोरच बसली होती. हाच तो टांग्यातला साहेब. टांग्यात शामकलेच्या दवाखान्याची मेट्रनबाईही असते. तिचं वय साठीला टेकलेलं आणि ती व्हायोलिन वाजवते. बकारामला पेटी दिसली आणि मेट्रनबाई दिसली नाही, ह्याचं मी काय करू?

आता मुख्य गोष्ट. धुरपताची नजर घारीची आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ती एकाएकी खुर्चीतून अर्धी उठली आणि मोठ्यानं ओरडली, "शामकले!" सगळ्या रांगेनं वळून पाहिलं. मी तिला खाली ओढली. ती बोट दाखवून म्हणते, "थे पाहा ना, मांगं! थे पांढरं लुगडं!"

खरंच, सगळ्यांत मागे, मोठ्या नगाऱ्यांच्या बाजूला, पांढरी साडी नेसून शामकला बसली होती. समोर स्टुलावर मखमलीच्या फडक्यावर दोन झांजा. परातीएवढ्या, पितळेच्या.

ती बसूनच राहिली. बाकीचे सगळे वाजवतात, घाम पुसतात, पानं उलटतात, आणि ही मांडीवर हात ठेवून बसलेली. पहिला भाग संपला, दुसरा संपला, ही आपली बसलेलीच. हे म्हणाले, "इसको क्या सजा दी है?" धुरपताचा जीव वरखाली. "तिले बी वाजवाले देत काऊन नाहीत?" आम्ही तिघंही बाकी सगळं विसरून तिच्याकडेच पाहत होतो.

शेवटच्या भागात ती उठली. झांजा हातात घेतल्या, छातीपाशी धरल्या आणि मास्तरांकडे पाहू लागली. तिच्या तोंडावर काय होतं सांगू? तुमच्या बाबांच्या शेवटच्या दुखण्यात ती उशाशी बसून नाडी पाहायची, ओठ हलवत, तसेच तिचे ओठ हलत होते. मोजत होती. इकडे बाकीची वाद्यं चढत चालली होती, आणखी चढत चालली होती, तलावाची मोरी उघडायच्या आधी पाणी आतून दाबतं ना, तसं. मास्तरांनी दुसरा हात वर केला आणि थेट तिच्याकडे पाहिलं. भाऊ, त्या घटकेला सगळेच्या सगळे जणू तिची वाट पाहत होते.

तिनं झांजा वाजवल्या.

मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही. तो कानात आला नाही, छातीतच आला. धुरपता रडत होती आणि हसत होती. आमच्या ह्यांच्या मांडीवरचा सासूबाईंचा नारळ खाली पडून गडगडत दोन रांगा पुढे गेला.

नंतर ती घामेजलेली, हसत आमच्याकडे धावत आली. आधी तिथे झांजा वाजवायला एक रेल्वेचे गार्ड होते, त्यांची बिलासपूरला बदली झाली. मोजत थांबण्याचं काम कोणाला जमेना. मेट्रनबाईंनी सांगितलं, आमच्या नर्सला जमेल, तिच्या मोजण्यात चूक नसते. तेव्हापासून आठवड्यातून काही दिवस संध्याकाळी मास्तरांच्या घरी सरावाला जाते. घरी का कळवलं नाहीस, विचारलं. म्हणाली, "भाऊ बंद करायला लावेल."

मी पाहिलं ते एवढंच. ह्यात लपवण्यासारखं मला काही सापडलं नाही.

आपली
सुलोचना

*

कामठा, १७ फेब्रुवारी १९५८

सुलोचनाबाईस रामराम.

पत्र मिळाले. बकारामले मी जे बोलायचे ते बोललो. तो मेट्रनबाई दिसली नाही म्हणते.

पण बाई, तुम्ही हे चांगलं झालं अशा ढंगात कसं काय लिहिलं? बाजा! आमच्या घरची पोरगी पन्नास मानसांत उभी राहून झांज वाजवते! उद्या कोणी म्हणन, श्यामलालनं बहिणीले दवाखान्यात पाठवून बाजेवाली केली. केवळरामजीच्या कानावर गेलं तं मी काय सांगू?

अन् जाईलच. धुरपता गावभर सांगून राहिली. काल विहिरीवर बायांनी पाणी भरणं सोडून पराती धरल्या होत्या. धुरपता मंधात उभी राहून काडी हालवून राहिली, अन् जमुनाबाईले म्हणे, "तू नाही, तू नाही, आता तू!" माझी खुद्द बायको परात घेऊन तिथं होती. मायनं जेवताना मले विचारलं, झांज किती मोठी राहते म्हणून.

शामकलेले मी होळीनंतर घरी आणतो. तो सुईणीचा अभ्यासक्रम राहू द्या. वैशाखात लग्न करून टाकतो. तिले तसं पत्र टाकलं आहे.

तुमच्यावर राग नाही. खरं लिहिलं.

श्यामलाल

*

गोंदिया, २० फेब्रुवारी १९५८

प्रिय शामकला,

तुला भाऊंचं पत्र पोचलं असेल. त्यांना कळलं कसं, हा प्रश्न तुला पडायच्या आधीच सांगते. मी सांगितलं. संक्रांतीच्या आधीच त्यांचं मला पत्र आलं होतं. बकारामनं तुझ्याबद्दल गावात काय पसरवलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. म्हणून मी ते वेड्यासारखे प्रश्न विचारले होते. तू मला सासू म्हणालीस, ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

मला वाटलं, खरं कळल्यावर सगळं निवळेल. बकारामचं निवळलं, पण त्याच्या जागी दुसरंच उभं राहिलं. आता माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण परीक्षेचा फॉर्म भर. भाऊ न्यायला आले तर दवाखान्यातून रजा मिळत नाही म्हणून सांग. मी ह्यांना कामठ्याला पाठवू का? ते म्हणतात, "मैं जाऊँगा तो धान का भाव पूछकर वापस आ जाऊँगा." खरंच तसंच करतील.

सुलोचना

*

नागपूर, २५ फेब्रुवारी १९५८

सुलोचना,

तुझं पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरले. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, तुला कोणी मारलं का म्हणून.

तू सांगितलंस त्याचा राग आलाच. पण तू नसतं सांगितलंस तर काय झालं असतं हेही मला समजतं, म्हणून धड रागावताही येत नाही. हे जास्त वाईट.

भाऊचं पत्र चार ओळींचं आहे. होळीनंतर येतो, सामान बांधून ठेव. बाजेवाले हा शब्द त्यात दोनदा आहे. त्याच्या स्वतःच्या लग्नात बाजेवाले उशिरा आले, तर सगळी वरात वेशीबाहेर उभी राहिली होती. नवरदेव घोड्यावर तिष्ठत, आणि बाबा म्हणतात, बाजा नाही तर पुढे पाऊल नाही. तेव्हा त्याला त्यांची किती गरज होती! वाजवून झाल्यावर त्यांना जेवायला कुठे बसवलं होतं तेही मला आठवतं. हे सगळं मी त्याला लिहिलं आहे. मोठ्या भावाला असं लिहू नये हे कळतं, पण लिहिलं. त्याखाली लिहिलं, की मी सामान बांधणार नाही. जुलैपर्यंत मी इथून हलत नाही. बाळ जन्माला घालायला मदत करणं आणि झांज वाजवणं, दोन्हींत मला लाज वाटत नाही, तू तुझी बघ.

पत्र पेटीत टाकलं. संध्याकाळी सरावात चुकले. मास्तरांनी रागावण्याऐवजी तो तुकडा सगळ्यांकडून पुन्हा वाजवून घेतला. त्यामुळे आणखी रडू आलं.

शामकला

*

कामठा, १२ मार्च १९५८

चि. शामकलास श्यामलालचा आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लग्नातलं जे लिहिलं ते खरं आहे. मोठ्या भावाले असं लिहितात का, ते घरी आल्यावर पाहू.

मी होळीनंतर आलो नाही, त्याचं कारण लिहितो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी केवळरामजी दवनीवाड्याहून आले. सोबत त्यायचा भाऊ भोजराज. चहा झाला, सुपारी समोर ठेवली. मंग केवळरामजी म्हणाले, "आयकलं का तुमची पोरगी नागपुरात साहेबायच्या बाज्यात झांज बडवते." मी म्हटलं, बडवत नाही, वाजवते. ते म्हणाले, "तेच ते. आमच्या घरी हे चालनार नाही. दवाखाना बी चालनार नाही. अशा पोरीले कोन करते? आमी पदरात घेऊन राहिलो, हे तुमी ध्यानात ठेवा."

शामकले, हेच सारं मी स्वतः बोललो होतो. सुलोचनाबाईले लिहिलं, तुलेही लिहिलं. पण त्या मानसाच्या तोंडून आयकलं अन् माझ्या डोक्यात जाळ झाला. माझी बहीण आहे. तिले बोलायचं तं मी बोलीन. हा कोन? मी उठून उभा राहिलो अन् म्हटलं, "केवळरामजी, तिथं पन्नास लोक वाजवतात. मास्तर हात वर करून माझ्या बहिणीकडं पाहत राहते. तिनं झांज वाजवल्याशिवाय त्यायचं कामच पुरं होत नाही. तुमच्या घरात असं कोनी आहे का, का ज्याच्यासाठी पन्नास लोक थांबतात?"

भोजराज हासला. त्यामुळे केवळरामजी जास्त चिडले. सुपारी तशीच ठेवून गेले. माय दाराआड उभी होती. मले वाटलं रडन. तं म्हणते, "बरं झालं. त्या पोराचे डोळे मले पहिल्यापासून पसंत नव्हते."

तं आता वैशाखात लग्न नाही. अभ्यासक्रम पुरा कर. मंग पाहू. मंग पाहू म्हणजे तुले विचारून पाहू.

एक गोष्ट मात्र लवकर कळव. मी जे बोललो ते सारं सुलोचनाबाईच्या पत्रातून बोललो. तिथं खरंच तसं होते का? नसलं तं मी चार लोकांत लबाड ठरीन. पुन्हा कवा वाजवणार आहात? मी डोळ्यानं पाहून घेतो.

तुझा भाऊ
श्यामलाल

*

नागपूर, २१ एप्रिल १९५८

प्रिय सुलोचना,

भाऊ आला होता. परवा, शनिवारी. तुला यायचं होतं ते मला माहीत आहे, पण सासूबाईंचा ताप उतरू दे. नारळ आणला नाहीस म्हणून कोणी रागावलं नाही.

नागपुरात आता घराबाहेर पाऊल टाकवत नाही, एवढं ऊन आहे. आणि भाऊ आपला लग्नातला कोट घालून आला. धोतर नवं, कोट गळ्यापर्यंत बंद, खांद्यावर चिन्नोर तांदळाची थैली. मी म्हटलं, कोट काढ. म्हणाला, "लोक पाहतात." कोण लोक, ते त्यानं सांगितलं नाही. धुरपतानं त्याला गावातून शिकवून पाठवलं होतं, की मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. तो एवढा घाबरला होता की शेवटीही त्यानं वाजवल्या नाहीत.

मी ठरवलं होतं, त्याच्याकडे बघायचंच नाही. बघितलं तर मोजणं चुकेल. पहिल्या दोन भागांत खालीच बघत होते. मग उभी राहिले आणि मास्तरांकडे बघताना त्यांच्या खांद्यावरून भाऊ दिसलाच. सगळी माणसं मागे टेकून बसलेली आणि हा एकटा पुढे वाकलेला, दोन्ही मुठी गुडघ्यांवर, कोटाची कॉलर घामानं भिजलेली. त्याचेही ओठ हलत होते. काय मोजत होता देव जाणे! मला हसू फुटणार होतं. पण मास्तरांचा हात वर गेला आणि त्यानंतर मला कोणी दिसलं नाही.

बरोबर वाजली. मास्तरांनी नंतर मान हलवली, म्हणजे चांगलीच वाजली असणार.

संपल्यावर मी मागून येईपर्यंत भाऊ थेट मास्तरांपाशी जाऊन उभा. तांदळाची थैली त्यांच्या हातात दिली. मास्तरांना वाटलं विकायला आणली. मी धावत गेले, सांगितलं, माझा भाऊ आहे. मास्तरांनी थैली छातीशी धरून त्याला वाकून नमस्कार केला. भाऊ हिंदीत म्हणाला, "मास्तरजी, बाजा अच्छा है. बहोत मेहनत का काम है. लेकिन एक बात बताओ. मेरी बहन को सब के पीछे क्यों खडा किया?"

मी लाजून अर्धमेली झाले. मेट्रनबाई तोंड फिरवून हसायला लागल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला नीट समजावलं. म्हणाले, व्हायोलिनचा आवाज बारीक, म्हणून ती पुढे बसतात. ज्याचा आवाज सगळ्यांत जोरात, त्याला सगळ्यांत मागे ठेवावं लागतं. तुमची बहीण पुढे आली तर बाकी कोणाचं काहीच ऐकू येणार नाही.

भाऊनं त्यावर बराच विचार केला. मग मान डोलावून म्हणाला, "हां. घर में भी ऐसाच है."

आता सगळेच हसले. पोटसुटे रेल्वेबाबू तर डोळे पुसायला लागले.

भाऊ स्वतः हसला नाही. आम्ही बाहेर पडलो. टांगा मिळेना, म्हणून चालतच निघालो. झांजांची पिशवी माझ्या खांद्याला होती, ती त्यानं काढून घेतली. मी म्हटलं, भाऊ, जड आहे, आणि नीट धरली नाही तर वाजते. म्हणाला, "वाजू दे."

शनिवारचा बाजार, सीताबर्डीवर माणूस मावत नव्हता. तो लग्नातल्या कोटात माझ्या पुढे चालत होता, आणि त्याच्या प्रत्येक पावलाला पिशवीतल्या झांजा खणखणत होत्या. लोक वळून वळून पाहत होते. त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, पण आवाज दाबायला हात एकदाही लावला नाही.

तुझी
शामकला